चार दिवसांचे पाहुणे

मुरुड म्हटले की लोकांना जंजिऱ्याचे मुरुड आठवते. आमचे मुरुड ते नव्हे. आमचे मुरुड रत्नागिरी जिल्ह्यातले, दापोली तालुक्यातले. दापोलीहून आसूदच्या बाजूने खाली उतरले की पोफळींच्या आगरांत लपलेले. महर्षी अण्णासाहेब कर्व्यांचे गाव, एवढी खूण सांगितली म्हणजे ऐकणाऱ्याची मान हलते. किनाऱ्यावर उभे राहिले की उत्तरेला पाण्यात सुवर्णदुर्ग दिसतो. त्याच्या अलीकडच्या किनाऱ्यावर हर्णै, खाडी ओलांडली की आंजर्ले, आणि तशाच वाटेने पुढे जात राहिले तर सावित्रीच्या मुखावर बाणकोट. ही सारी वाट लहानपणी माझ्या पायांखालची होती. ह्याच वाटेने दोनशे वर्षांपूर्वी काही परके पाहुणे हिंडत होते, हे मात्र मला पुष्कळ उशिरा कळले. आणि त्यांच्याविषयी लिहावे असे वाटायला एक वादळ यावे लागले.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावरून गेले. पन्नास-पन्नास वर्षांचे माड आणि पोफळी एका दुपारी आडव्या झाल्या. आमच्या जुन्या घरात माझी थोरली वहिनी एकटीच राहते. वय ऐंशीच्या पुढे. मी पुण्यात, आणि बाहेर पडायची बंदी. फोन लागायला चार दिवस गेले. लागला तेव्हा ती एवढेच म्हणाली, "भाऊजी, माजघरातून आकाश दिसतंय." त्या पावसाळ्यात तिने देव्हाऱ्यावर छत्री उघडून ठेवली होती.

गडीमाणूस मिळत नव्हता. मिळाला तर कौले मिळत नव्हती. तात्पुरती ताडपत्री घालून पावसाळा काढला. पुढल्या जानेवारीत पुण्याच्या एका चर्चची काही मंडळी आठ दिवसांसाठी आमच्या भागात आली. वीस-बावीस जण. त्यांत एक सुतार, एक निवृत्त परिचारिका, दोन शिक्षक, आणि बाकी कॉलेजातली मुले. ज्यांच्या घरात करते माणूस नाही त्यांची छपरे नीट करायची, म्हाताऱ्याकोताऱ्यांचे रक्तदाब तपासायचे आणि परत जायचे, असा बेत. त्यांच्यातला एक गृहस्थ माझा शेजारी. त्याच्यामुळे आमचे घरही यादीत आले, आणि मीही त्यांच्याच गाडीतून मुरुडला गेलो.

पहिल्या रात्री कुळथाचे पिठले वाढता वाढता वहिनीने मला बाजूला घेतले. "भाऊजी, ही माणसं मतलबाशिवाय आली असतील का हो?"

मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. पण ह्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. खरे सांगायचे तर हीच शंका गाडीत बसल्यापासून माझ्याही मनात होती, फक्त विचारण्याचा मोकळेपणा वहिनीपाशी होता, माझ्यापाशी नव्हता. त्या रात्री पडवीत निजलो असता मला बाणकोट-हर्णैची ती जुनी मंडळी आठवली.

* * *

१८१३ साली कंपनी सरकारच्या सनदेत पालट झाला आणि मिशनऱ्यांना हिंदुस्थानात येण्याची वाट मोकळी झाली. त्याच वर्षी अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईला उतरले. दहा वर्षांनी, १८२३ च्या आरंभी, स्कॉटिश मिशनरी सोसायटीचा पहिला माणूस मुंबईत आला. त्याचे नाव डोनाल्ड मिचेल. गंमत अशी की तो पूर्वी कंपनीच्याच फौजेत लेफ्टनंट होता. तलवार खाली ठेवून त्याने पाद्र्याचा झगा चढवला आणि ज्या देशात शिपाईगिरी केली तिथेच उपदेशाला परतला.

ह्या मंडळींना जायचे होते पुण्याला. पण पेशवाई बुडून जेमतेम पाच वर्षे झाली होती. गव्हर्नर एल्फिन्स्टन साहेब पक्का मुत्सद्दी; पुण्याच्या ब्राह्मणांत आताच पाद्री सोडले तर शांत झालेले राज्य पुन्हा खदखदेल, हे त्याला कळत होते. सरकारने पुण्याची परवानगी नाकारली. तेव्हा मिशनने नजर वळवली दक्षिण कोकणाकडे. बाणकोट तर १७५६ पासून इंग्रजांच्या ताब्यात. किल्ल्याचे नाव हिंमतगड, ते बदलून त्यांनी फोर्ट व्हिक्टोरिया केले होते. हर्णैचा सुवर्णदुर्ग १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने तुळाजी आंगऱ्याकडून घेतला, तो पुढे पेशव्यांकडे गेला आणि १८१८ मध्ये पुन्हा इंग्रजांकडे आला. दापोलीला छावणी पडली होती. म्हणजे ज्या कामाला पुण्यात धोका, त्याला कोकणात मोकळीक. आमच्या कोकणच्या वाट्याला पुष्कळ गोष्टी अशाच येतात, दुसरीकडे जागा नाही म्हणून!

डोनाल्ड मिचेल बाणकोटला स्थिरावला आणि त्याच वर्षी वारला. कोकणची हवा त्याला वर्षभरही मानवली नाही. पण त्याच्या पाठोपाठ जेम्स मिचेल, अलेक्झांडर क्रॉफर्ड, जॉन कूपर आले, आणि १८२४ मध्ये जॉन स्टीव्हन्सन. बाणकोट आणि हर्णै अशी दोन ठाणी झाली. १८२७ मध्ये रॉबर्ट नेस्बिट आला. सगळे तिशीच्या आसपासचे किंवा त्याहूनही तरुण. सगळ्यांच्या घरी स्कॉटलंडात थंडी आणि धुके, आणि इथे भाद्रपदातले ऊन.

त्यांच्या कामाचे दोन भाग होते. एक शाळांचा. आसपासच्या गावांत त्यांनी मराठी शाळा काढल्या. शिकवायला ख्रिस्ती मास्तर कुठून आणणार? तेव्हा गावातलेच पंतोजी नेमले. ज्या पंतोजीने सकाळी संध्या करावी, त्यानेच दुपारी मुलांकडून ख्रिस्ती प्रश्नोत्तरी घोकून घ्यावी. साहेब अधूनमधून घोड्यावरून किंवा मचव्यातून यायचा, परीक्षा घ्यायचा आणि पुढल्या गावी जायचा. पंतोजीला पगाराशी काम, मुलांना अक्षराशी. आणि साहेबाला आशा की अक्षरामागून आणखी काही जाईल.

दुसरा भाग दौऱ्यांचा. पावसाळ्यात कोकणात कुठे जाणे-येणे नाही. दसरा झाला, चिखल वाळला, की ही मंडळी बाहेर पडत. बरोबर एखादा तंबू, पुस्तकांची पेटी, औषधाचा डबा, आणि हाताखाली दोन-चार माणसे. गाव आले की चावडीपाशी किंवा धर्मशाळेत बसायचे, बाजार असेल तर बाजारात उभे राहायचे. लोक जमत. जमायला काय, साहेब मराठी बोलतो हेच नवल. थोडे ऐकायचे, थोडे हसायचे, एखाद्या शास्त्र्याने प्रश्न टाकायचा, मग वाद. दोन दिवस झाले की तंबू मोडायचा आणि पुढे. महिना-दीड महिन्याने ठाण्यावर परत. आज कुठल्याशा देशातून तरुण मंडळी पंधरा दिवसांसाठी सेवेला म्हणून परदेशी जातात, त्याची ही जुनी, अधिक खडतर तऱ्हा म्हणता येईल. खडतर म्हणण्याचे कारण असे की त्यातून सगळे परत येत नसत. ज्या गॉर्डन हॉलचा उल्लेख वर केला, तो १८२६ च्या मार्चमध्ये नाशिक-त्र्यंबकच्या दौऱ्यावर गेला. तिकडे पटकीची साथ चालू होती. बरोबरची औषधे त्याने लोकांना वाटली, आणि परतीच्या वाटेवर एका खेड्यात स्वतःच पटकीने गेला. जवळ फक्त बरोबरची दोन मुले होती.

त्या माणसांच्या धर्माशी आपले जमो न जमो, हे वाचताना मन क्षणभर थांबतेच.

* * *

आता वहिनीच्या प्रश्नाकडे येतो. ह्या पाहुण्यांना मतलब होता का? अर्थातच होता, आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. त्यांना आपला धर्म खोटा वाटत होता आणि आपल्याला तारायला ते आले होते. पण जो मतलब धरून ते आले तो कितीसा साधला? जवळजवळ नाहीच. पुढल्या काही वर्षांत स्टीव्हन्सन आणि जेम्स मिचेल पुण्याला गेले, कारण तोवर तिथली वाट उघडली होती. १८३५ मध्ये सोसायटीने आपले इथले मिशन चर्च ऑफ स्कॉटलंडकडे सोपवले. एक तप हे बारा वर्षांचे. तेवढ्यातच बाणकोट-हर्णैचा अध्याय आटोपला. आमच्या किनाऱ्यावर त्यामुळे एखादे ख्रिस्ती गाव उभे राहिले असे झाले नाही.

मग मागे काय उरले? माझ्या मते उरले ते असे, की ते शिकवायला आले आणि शिकून गेले.

१८२९ च्या फेब्रुवारीत चोवीस वर्षांचा जॉन विल्सन आपली पत्नी मार्गारेट हिच्यासह मुंबईला उतरला. पुढे ज्याच्या नावाने विल्सन कॉलेज झाले आणि जो मुंबई विद्यापीठाचा कुलगुरूही झाला, तोच हा. मुंबईत बसून मराठी येणार नाही हे ओळखून नवराबायको बाणकोटला आणि मग हर्णैला येऊन राहिली. त्याच वर्षाच्या अखेरीला मुंबईला परतली तेव्हा विल्सन मराठीत व्याख्यान देण्याजोगा तयार झाला होता. मार्गारेटबाईंनी मुंबईला जाताच मुलींच्या शाळा काढल्या. आजच्या सेंट कोलंबा शाळेचे मूळ त्यांत आहे. १८३५ मध्ये त्या वारल्या, पण शाळा चालत राहिली. मला नेहमी वाटते, त्या बाईंच्या तोंडचे मराठी कुणाचे असेल? आमच्या हर्णैच्या विहिरीवरचे असेल. बंदरात मासळी उतरताना ऐकू येणारे असेल. नाकातून बोलणाऱ्या एखाद्या पंडिताचे तर नक्कीच असेल.

नेस्बिटची तर गोष्टच वेगळी. त्याचे मराठी इतके शुद्ध की पडद्याआडून ऐकणाऱ्याला बोलणारा साहेब आहे हे कळू नये, अशी त्याची ख्याती होती. स्टीव्हन्सनने १८३३ मध्ये मराठीचे व्याकरण इंग्रजीत लिहून छापले, आणि त्याच वर्षी ऋग्वेदातल्या काही सूक्तांचे भाषांतरही केले. खंडनासाठी म्हणून पोथी उघडलेला माणूस पोथीतच गुंतला! इकडे दापोलीच्या छावणीकडे मोल्सवर्थ हा लष्करी अधिकारी पंडितांचा ताफा घेऊन मराठी-इंग्रजी कोशाच्या कामाला लागलेला. त्या कामाचा काही काळ दापोलीत गेला. हा कोश १८३१ मध्ये निघाला. १८५७ मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती आली, तीत सुमारे साठ हजार शब्द आहेत, आणि आरंभी मराठी भाषेवरचे टिपण आहे ते हर्णैला मराठी शिकलेल्या जॉन विल्सनचे. आजही कोकणातला एखादा जुना शब्द अडला की मी मोल्सवर्थ काढतो. आमच्या आजीच्या तोंडचे शब्द त्यात साहेबाने जपून ठेवलेले सापडतात, आणि आमच्या मुलांना ते ठाऊक नसतात.

विल्सनचे दौरे पुढे फार लांबवर गेले. १८३५ मध्ये काठेवाडच्या दौऱ्यात तो गिरनारला पोचला. तिथल्या शिळेवरच्या लेखाची नक्कल त्याच्या खटपटीने मिळाली, ती पुढे कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेपच्या हाती गेली, आणि अशोकाचे लेख वाचण्याच्या कामी आली. निघाला होता बायबल वाटायला, आणि आणले काय, तर 'देवानां प्रिय' राजाची धर्माज्ञा. इतिहासाच्या खोड्या ह्या अशा असतात.

* * *

इथेच थांबलो तर हे लिखाण गोडगोड होईल, आणि ते खरे होणार नाही. ह्या पाहुण्यांमुळे घरेही रडली आहेत.

१८३१ मध्ये मुंबईत मोरभट दांडेकरांशी विल्सनचा जाहीर वाद झाला. मोरभटांनी 'हिंदुधर्मस्थापना' लिहून उत्तर दिले, विल्सनने त्यावर पुस्तक लिहिले. इथवर ठीक, शास्त्रार्थ ही आपली जुनीच रीत. पण १८४३ मध्ये नेस्बिटने नारायण शेषाद्री ह्या तरुण ब्राह्मणाला दीक्षा दिली, आणि त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनच्या आश्रयाला गेला. श्रीपत वयाने लहान. बापाने कोर्टात धाव घेतली. कोर्टाने मुलगा बापाच्या स्वाधीन केला. पण आता तो मुलगा ख्रिस्त्यांच्या घरी जेवलेला. त्याला पंक्तीत कोण घेणार? तेव्हा त्याच्या बाजूने उभे राहिले ते आमच्याच कोकणातले, पोंभुर्ल्याचे, बाळशास्त्री जांभेकर. प्रायश्चित्त देऊन मुलाला परत घ्यावे म्हणून त्यांनी कंबर कसली, आणि सनातन्यांचा रोष पत्करला. एका मुलावर दोन धर्म ओढाताण करीत होते, आणि घ्यायला हात पसरणाऱ्यांपेक्षा घरात न घेणारे अधिक होते.

हे वाचल्यावर मला आमच्या मुरुडचीच गोष्ट आठवते. ती आमच्या घरात कोणी मोठ्याने बोलत नसे.

११ मार्च १८९३ रोजी पुण्यात धोंडो केशव कर्वे ह्यांनी गोदूबाई ह्या बालविधवेशी लग्न केले. गोदूबाई ह्या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या. कर्वे तोवर मुरुडचे भूषण होते. १८७५ मध्ये परीक्षेसाठी पाठीवर बोचके टाकून कुंभार्ली घाटाने साताऱ्याला चालत गेलेला आणि 'फार लहान दिसतोस' म्हणून परत पाठवलेला मुलगा तो हाच. मुंबईत राहून त्याने पदवी घेतली, कॅथीड्रल गर्ल्स हायस्कूलमध्ये गणित शिकवले, आणि गावच्या उपयोगासाठी 'मुरुड फंड' काढला. नोकरीवरच्या मुरुडकरांनी आपल्या मिळकतीतला वाटा त्यात घालावा, असा तो बेत. असा हा गावाचा मुलगा नवी बायको घेऊन गावी आला, तेव्हा गावाने सभा भरवली आणि त्याच्यावर बहिष्कार घातला. त्याच्या घरच्यांनी त्याला घरात घेतले तर त्यांच्यावरही. आईने मुलाला पानावर वाढायचे नाही! त्या सभेला मान डोलावणाऱ्यांत माझे पणजोबा होते. हे मला माझ्या वडिलांनी एकदाच सांगितले, तेही खाली मान घालून.

विचार करा. ज्या किनाऱ्याने साहेबाचा घोडा दाराशी आला तर त्याला शहाळे पुढे केले, त्याच किनाऱ्याला आपला मुलगा चार दिवस सोसवला नाही. परका आठवड्याने जातो म्हणून तो सोपा. घरचा माणूस पालटून आला तर तो जात नाही, हीच पंचाईत.

आणि शाळेच्या पायरीवर अडलेले आणखीही होते. कँप दापोलीत महार पेन्शनर शिपायांची वस्ती होती, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजीही काही काळ तिथे राहिले. गोपाळबाबा वलंगकर ह्यांनी 'अनार्य दोषपरिहार मंडळी' दापोलीतच काढली. आपल्या मुलांना सरकारी पैशाच्या शाळेत जागा मिळावी म्हणून ह्या लोकांना अर्ज-विनंत्या कराव्या लागल्या. त्यांना 'आत या' म्हणणारे आपल्यात किती होते, हा प्रश्न मी जन्मभर इतिहास शिकवून स्वतःला फार उशिरा विचारला.

दापोलीत पुढे एस.पी.जी. मिशनने हायस्कूल चालवले. तेच आजचे आल्फ्रेड गॅडने हायस्कूल, लोक ए.जी. हायस्कूल म्हणतात. त्या शाळेतून १८९७ मध्ये पांडुरंग वामन काणे मॅट्रिक झाले, ज्यांनी पुढे धर्मशास्त्राचा इतिहास लिहिला. आणि त्याच शाळेत पालगडचे साने गुरुजी शिकले. मिशनच्या बाकावर बसून एकाने हिंदू धर्मशास्त्र धुंडाळले, दुसऱ्याने 'श्यामची आई' लिहिली. पाद्र्यांना हे अपेक्षित होते का? नसावे. पण शाळा एकदा खरोखरीची शाळा झाली की ती काढणाऱ्याची राहत नाही. आज ती दापोलीकरांची आहे, आणि छावणीतल्या जुन्या चर्चच्या नुसत्या भिंती उरल्या आहेत.

* * *

आमच्या पाहुण्यांचे सांगायचे राहिलेच.

पहिल्या दोन दिवसांत कॉलेजातल्या एका मुलाने जितके नळे बसवले त्याहून अधिक फोडले. गावातला आमचा जुना गडी खालून हे पाहत होता. शेवटी न राहवून तो सत्तरीचा माणूस शिडीवर चढला. "पाय रिपेवर नको, वाशावर ठेव. नळा उचलू नको, सरकव." तिसऱ्या दिवसापासून मुलगा त्याच्या हाताखाली. वासा कुठला, रीप कुठली, कोना कसा मारायचा, पन्हळीखाली काय घालायचे, हे सगळे तो विचारून घेई आणि संध्याकाळी वहीत लिहून ठेवी. वही पाहून मला हसू आले. हर्णैला पंडितापुढे बसलेला स्टीव्हन्सन असाच लिहीत असेल.

वहिनीने चौथ्या दिवशी त्या परिचारिकाबाईंना सरळच विचारले, "आम्हांला बाटवायला नाही ना आलात?" मी ओशाळलो. बाई मात्र रक्तदाबाचा पट्टा गुंडाळत शांतपणे म्हणाल्या, "आजी, माझ्या आजीला हाच प्रश्न तिच्या सासरी विचारीत. आम्ही चार पिढ्या ख्रिस्ती, पण माहेर कोकणातलंच. तुमचं छप्पर उडालं, म्हणून आलो. मनात देव आहे, तो तर बरोबर येणारच." वहिनी काही बोलली नाही. रात्री तिने त्यांच्या पानात एक पानगी जास्त वाढली.

रविवारी सकाळी ती मंडळी किनाऱ्यावर प्रार्थनेला बसली. पेटी होती, टाळ होते. वहिनी आगराच्या कडेला उभी राहून ऐकत होती. घरी आल्यावर म्हणाली, "भाऊजी, हे तर अभंगासारखंच होतं." मी तिला नारायण वामन टिळकांची गोष्ट सांगितली. टिळक आपल्याच जिल्ह्यातल्या करजगावचे. १८९५ मध्ये ते ख्रिस्ती झाले, आणि त्यांची पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहून पुढे आपल्या मनाने त्यांच्या वाटेला आल्या. ती सारी हकीगत 'स्मृतिचित्रे'त आहे. साहेबांनी आणलेली परक्या चालीची गाणी टिळकांना रुचेनात. त्यांनी ख्रिस्ताला ओवी-अभंगांत आणले, भजन-कीर्तनात आणले, आणि १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' काढला. परक्या पाहुण्याने दिलेली गोष्ट मातीत रुजायची तर ती मातीतल्याच माणसाने हाती घ्यावी लागते.

"स्मृतिचित्रे वाचलंय मी," वहिनी म्हणाली. "त्या बाईच्या सासरचं वाचताना मला आपलं घर आठवलं होतं." मग जरा वेळाने, "आपल्या पणजोबांनी कर्व्यांना घरात घेतलं नाही ना?"

हे तिला कुणी सांगितले, मी विचारले नाही. साठ वर्षे ह्या घरात नांदलेल्या बाईला काय कळत नाही?

आठ दिवस झाले आणि पाहुणे गेले. छपराचे काम तीन हिस्से झाले होते. उरलेला कोना गड्याने पुरा केला. खरे सांगायचे तर आठ दिवसांत एका गावाचे काही होत नाही. वाकलेली पोफळ उभी राहत नाही. नवे रोप लावले तरी त्याला सुपारी धरायला पाच-सात वर्षे शिंपावे लागते, आणि ते शिंपणारा गावातलाच असावा लागतो. अण्णासाहेब कर्वे हे जाणून होते. १९२९ मध्ये सत्तरी ओलांडल्यावर ते युरोप, अमेरिका, जपान हिंडून आले, पण परतले ते हिंगण्यालाच. ज्या गावांत शाळा नाही तिथे शाळा निघावी म्हणून १९३६ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. ज्या मुरुडने त्यांना दार लावले त्याच मुरुडात आज त्यांचे स्मारक आहे. दार उघडायला आम्हांला वेळ लागला, एवढेच.

पुढल्या वर्षी मे महिन्यात मी मुरुडला होतो. पावसाआधी नळे परतायचे दिवस. सकाळच्या एस.टी.ने तो वहीवाला मुलगा एकटाच उतरला. बरोबर ना चर्चची मंडळी, ना गाडी. अंगणात पिशवी ठेवून म्हणाला, "आजी, यंदा नळे परतायचे असतील ना?"

वहिनीने त्याला आधी पाणी दिले, मग शिडी कुठे आहे ते दाखवले. आणि तो वर चढू लागला तेव्हा खालून ओरडली, "पाय वाशावर ठेव रे, रिपेवर नको!"